पाहणारे: एक

धान कापणीला आलं की माझ्या फायरवॉलचा पंखा घरघरायला लागतो. शेजारच्या बांध्यांमध्ये मळणीचं यंत्र सुरू होतं, दिवसभर भुसा उडतो, आणि ती बारीक पिवळी धूळ कौलांतून, खिडकीच्या फटीतून आत येऊन नेमकी त्या पंख्यातच जाऊन बसते. बाकी सगळं घर रिकामं पडलं आहे, पण नाही. आज सकाळी पुन्हा तोच आवाज झाला. मी यंत्र बंद केलं, चार स्क्रू काढले, पेटी रॅकमधून बाहेर ओढली आणि रंगाचा जुना ब्रश घेऊन ओसरीवर पाती झाडत बसलो. बोटांना कापलेल्या धानाचा वास लागला, थोडा गोडसर, थोडा ओला. आणि मागच्या वर्षीचा अख्खा हंगाम मी नको नको म्हणत असताना आठवायला लागला.

अड्याळच्या बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही, इन्व्हर्टर, कॉम्प्युटर, जे बिघडेल ते लोक माझ्यापुढे आणून टाकतात. राहतो मात्र कोंढ्याला, वडिलांच्या घरात, एकटा. घराच्या मागच्या दाराबाहेर आमच्या चार बांध्या, म्हणजे धानाची चार खाचरं, आणि त्यांच्या पलीकडे छोटी बोडी, जिच्यात पावसाचं पाणी माघापर्यंत टिकतं. मनू, माझी मुलगी, तिसरीपर्यंत इथेच वाढली. मग तिच्या आईचं आणि माझं फाटलं. कोणाचं चुकलं ते आता उगाळत नाही. उगाळलं की दर वेळी माझा वाटा थोडा वाढतो. सुनंदाला नागपूरला नोकरी होती, ती मनूला घेऊन तिकडे गेली.

जाताना मनू रडली. माझ्यासाठी रडली असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. पुढे तिनेच सांगितलं, की बाबा, मी बोडीतल्या बगळ्यांसाठी रडली. घ्या!

म्हणून मी मागच्या भिंतीवर एक कॅमेरा लावला. चित्रात चारही बांध्या, मधले धुरे म्हणजे बांध, बोडीचं पाणी, काठावरचा मोह. दुकानातून आणलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर मी तिच्यासाठी एक पान तयार केलं. मनू शाळेतून आली की पाच वाजता टॅबवर ते पान उघडायची आणि नागपुरात बसून कोंढ्याचं शेत पाहायची. पानाच्या कोपऱ्यात मी एक ओळ टाकली होती, 'पाहणारे', आणि पुढे आकडा. तिने उघडलं की माझ्या मोबाइलवर शून्याचा एक व्हायचा. तो एक पाहायला मी साडेचारलाच गिऱ्हाईक उभं ठेवून दुकानाचं शटर ओढत असे. घरी यायचं, मागच्या दारातून धुऱ्यावर जायचं आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून हात हलवायचा. कधी डोक्यावर टोपलं घ्यायचं, कधी बगळ्यासारखं एका पायावर उभं राहायचं. आवाज जात नव्हता, म्हणून सगळा खेळ हातापायांचा.

आमच्या शेतात कामाला येणारी कौसल्यामाय एकदा कमरेवर हात ठेवून पाहत राहिली.

"काय करून राहिला रे तू? देव आला का अंगात?"

"पोरगी पाहून राहिली तिकडून," मी म्हणालो.

तिने भिंतीकडे पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि कॅमेऱ्याला म्हणाली, "जेवली का वं माय?" मग माझ्याकडे वळून, "बोलत नाही पोरगी." आवाज जात नाही हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. तिने पुढे रोज विचारलं, जेवली का वं माय.

मागच्या वर्षी भाद्रपदात एका दुपारी, मनू शाळेत असताना, त्या ओळीत चार आकडा दिसला. पाहणारे चार. मला वाटलं यंत्र बिघडलं. थोड्या वेळाने सहा झाले. बघितलं तर कुठून कुठून लोक, कोण कोणत्या देशातले, माझ्या बांधीत वाकून गवत काढणाऱ्या कौसल्यामायकडे पाहत होते. इंटरनेटवर उघडी पडलेली दारं शोधत फिरणाऱ्या यंत्रांना माझं दार सापडलं होतं. डोकंच सटकलं माझं. उद्या पोरगी सुटीत इथे येईल, अंगणात खेळेल, आणि हे कोण टोणगे बसून बघणार? त्या क्षणी कॅमेऱ्याची तार उपटली आणि ठरवलं, की आता राखणदार बसवायचा, आणि असा बसवायचा की जगाने नाव काढावं.

फायरवॉल म्हणजे तोच राखणदार. बाहेरून येणारी तार आधी त्याच्याकडे जाते, आणि कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, हे तो ठरवतो. बाजारात तयार मिळतो. पण मी तयार घेईन तर मग मी कसला कारागीर? आमच्या स्वभावात ते नाही. भंगारातून एक लोखंडी रॅक उचलला, कंबरेएवढा उंच, गंज खरवडून काळा रंग मारला. एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा आतला बोर्ड काढला. चार तारा लागतील असं कार्ड नागपूरहून जुन्या बाजारातून आणलं. पेटी मात्र दोन बोटं जाडीचीच हवी, नाहीतर रॅकमध्ये नीट सरकत नाही. ती मी पत्रा कापून स्वतः केली. पेटीला दोन्ही बाजूंना कान लावायचे असतात, रॅकला कसायला. ते कान ॲल्युमिनियमच्या पट्टीतून कापले आणि भोकं जुळेपर्यंत कानशीने घासत बसलो. डावा कान तीनदा चुकला. पुढच्या पट्टीत खिडकी कापून बोटभर लांबीचा एक छोटा पडदा बसवला. त्याच्यावर एकच ओळ दिसणार होती, पाहणारे.

ते दिवस चांगले गेले, हे कबूल केलं पाहिजे. बाहेर धान निसवत होतं, लोंब्यांमध्ये दूध भरत होतं, आणि मी धान साठवायच्या ढोल्याशेजारच्या खोलीत पत्रा ठोकत होतो. एकट्या माणसाच्या घरात ठोकाठोकीचा आवाज बरा असतो. कौसल्यामाय दारातून डोकावून म्हणायची, "आग लागली त हे पेटी पाणी मारते का रे?" मी म्हणायचो, हो, मारते. कोण समजावत बसणार.

मग नियम लिहायची वेळ आली. पहिला नियम सगळ्यात सोपा, कोणीही असो, आत घ्यायचं नाही. त्यात पुन्हा दोन तऱ्हा आहेत. दार वाजवणाऱ्याला 'नाही' असं स्पष्ट सांगता येतं, किंवा काहीच न बोलता गप्प बसता येतं. गप्प बसलं की बाहेरच्याला आत कोणी आहे की नाही हेच कळत नाही. त्याच्या पडद्यावर नुसतं चाक गोल फिरत राहतं. जाणते लोक म्हणतात, गप्प बसणं जास्त सुरक्षित. मला ते फार पटलं. माझा जन्मच त्या पद्धतीने गेला आहे.

आणि मग दुसरा नियम, मनूसाठी. मी सुनंदाच्या फोनवर फोन करून मनूला बोलावलं, तिला टॅबवर एक पान उघडायला सांगितलं, आणि तिथे दिसणारा त्यांच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता वाचायला लावला. तिने तो आकडा आकडा करून पाढे म्हटल्यासारखा म्हणून दाखवला. मी तो वहीत उतरवला, पुन्हा म्हणून घेतला, आणि नियमात लिहिला. या एका पत्त्यावरून कोणी आलं तर दार उघडायचं. बाकी जग गेलं खड्ड्यात.

आता हसा मला. माझ्या घरचा पत्ता मी कंपनीकडून कायमचा करून घेतला होता. पण नागपूरला साध्या घरी असतो तो पत्ता कायमचा नसतो, कंपनीच्या मनात येईल तेव्हा बदलतो. हे मी दुकानात निदान पन्नास जणांना सांगितलं असेल, वर त्यांच्या अडाणीपणाला हसलोही असेन. पण स्वतःच्या पोरीचा पत्ता लिहिताना ते डोक्यातच आलं नाही. कोंढ्यात माणसाचा पत्ता बदलत नाही हो. आजोबांच्या नावाचं पत्र आजही माझ्या दारात येऊन पडेल. मनूचा पत्ता म्हटल्यावर मी तो तसाच धरला, कायमचा.

रॅक उभा राहिला. कॅमेरा परत लावला. पहिल्याच संध्याकाळी पाच वाजून सात मिनिटांनी त्या छोट्या पडद्यावर शून्याचा एक झाला, आणि मी धावत धुऱ्यावर गेलो. पुढे कितीतरी दिवस एक म्हणजे एकच. दोन नाही, चार नाही. बांध्या हिरव्याच्या पिवळ्या होत होत्या, सकाळी लोंब्यांवर दव असायचं, संध्याकाळी बोडीवरून गार वारा यायचा, आणि जगात मला पाहणारं एक माणूस होतं. माणसाला आणखी किती लागतं?

दसऱ्याच्या आधी माझं आणि सुनंदाचं फोनवर वाजलं. मनूला दसऱ्याला पाठव, मी म्हणालो. परीक्षा आहे, ती म्हणाली. शब्दाने शब्द वाढला, आणि मी म्हणालो, की यापुढे तुझ्या फोनवर माझा फोन येणार नाही. मनूला स्वतःचा फोन नव्हता. म्हणजे मी माझ्याच पोरीकडे जायची वाट बंद केली, पण तेव्हा तसं वाटलं नाही. तेव्हा वाटलं, आपल्याकडे कॅमेरा आहे. मंडईला येईलच ती.

मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळी संपल्यावरची खरी दिवाळी. भाऊबीज झाली की गावोगावी एकेक दिवस ठरलेला असतो. लेकीबाळी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे, बाजार भरतो, दंडार नाचते, नाटक होतं. त्या दिवशी ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याच्याकडे लोक जरा चुकवूनच बघतात.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी पाच वाजले, सव्वापाच झाले, आणि पडद्यावर शून्यच. दुसऱ्या दिवशी शून्य. मी कॅमेरा पुसला. घरातल्या कॉम्प्युटरवर पान उघडून पाहिलं, चित्र लख्ख. तारा हलवून पाहिल्या. सगळं ठीक. घरातून पाहिलं की घरातलं ठीकच दिसणार, हे सुचलं नाही. मी निकाल देऊन टाकला, की यंत्र ठीक आहे, माणसं बदलली. सुनंदाने बंद केलं असेल. किंवा मनूने आईची बाजू घेतली असेल, पोरगी मोठी झाली, तिला आता बगळ्यांमध्ये काय गोडी. ठीक आहे. फोन करून विचारलं असतं तर? पण मी बोलून बसलो होतो ना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा पीळ.

तरी पाच वाजता मी धुऱ्यावर जात होतो. पडद्यावर शून्य आहे हे बघून जायचो, आणि जाऊन उभा राहायचो. हात हलवायला लाज वाटायची. कापणी सुरू झाली. कौसल्यामाय आणि चार बाया वाकून कापत पुढे सरकायच्या, मागे कापलेल्या धानाच्या रांगा पडायच्या. तिने एक दिवस विळा थांबवून विचारलं, "काहून रे, आता नाचत नाहीस?" मी म्हणालो, कंबर दुखते. त्या दिवसापासून तिने कॅमेऱ्याला जेवली का विचारणं सोडलं.

मंडईच्या दिवशी सकाळीच देवाजी आला. देवाजी बोडीत जाळं टाकतो, आमची जुनी ओळख. मी सांगितल्याप्रमाणे त्याने झिंगे आणले होते, मनूला आवडतात म्हणून. मी स्वतः निवडले, स्वतः शिजवले. दुपारी दारावरून पाहुण्यांच्या गाड्या जात राहिल्या. प्रत्येक गाडीचा आवाज मी ओळखायचा प्रयत्न करत होतो, जसं काही सुनंदाची गाडी मला आवाजावरून कळणार होती. संध्याकाळी देवाजी पुन्हा डोकावला.

"पोरगी नाही आली का जी?"

"परीक्षा आहे तिची."

"मंडईले कोणती परीक्षा?" तो म्हणाला. मी त्याला बसवलं आणि जेवू घातलं. दोघांनी मिळून चौघांचं जेवण संपवलं. त्या दिवसापासून मी धुऱ्यावर जाणं बंद केलं.

पुढे धानाचे भारे बांधून पुंजणी रचली गेली, आणि एक दिवस मळणीचं यंत्र आलं. दोन दिवस आकाश पिवळं होतं. तिसऱ्या दिवशी फायरवॉल तापून बंद पडली. आजच्यासारखीच पेटी काढली, पंखा साफ केला, पुन्हा जोडली. आणि बंद का पडली ते बघायला म्हणून तिची नोंद उघडली. दार वाजवणाऱ्या प्रत्येकाची ओळ तिथे लिहिली जाते. रोज हजारो ओळी असतात, जगभरचे भामटे दारं ठोठावत असतात. सुरुवातीला मी त्या कौतुकाने वाचायचो, मग सोडून दिलं. कोण वाचणार?

त्या दिवशी सहज म्हणून फक्त कॅमेऱ्याच्या दारावर आलेल्या ओळी वेगळ्या काढल्या. त्या दाराचा नंबर मी मनात येईल तो दिला होता आणि तो मनूशिवाय कोणाला सांगितला नव्हता. वाटलं, ओळ नसेलच एखादी.

पडदा भरून ओळी होत्या. सगळ्या नागपूरहून, त्याच कंपनीच्या, पण वेगळ्या पत्त्यावरून. दसऱ्यानंतरचा चौथा दिवस, पाच वाजून चार मिनिटं, नकार. पाच वाजून पाच, नकार. पाच वाजून नऊ, नकार. दुसऱ्या दिवशी पाच वाजता, नकार. रोज. एकही दिवस सुटला नव्हता. दिवाळीत, शाळेला सुट्टी असताना, सकाळीसुद्धा. आणि मंडईच्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत, मी झिंगे निवडत होतो तेव्हा, मी गाड्यांचे आवाज ऐकत होतो तेव्हा, नकार, नकार, नकार. त्यानंतर एकही ओळ नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी स्वतःच्या हाताने, कानस मारून मारून, इतकं सुबक करून ठेवलं होतं. मी तिथे ढोल्याला टेकून खाली बसलो. रडलो. सांगायला लाज कशाची.

मग सुनंदाला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला. "बरे आहात ना? काही झालं का?" एवढंच म्हणाली. भांडणाचं काही नाही. मी म्हणालो, मनूला दे.

"मनू, तू कॅमेरा उघडत होतीस का?"

"हो. मग तुम्ही बंद केला."

"मी नाही केला बेटा." मी तिला पत्ता बदलल्याचं, नियमाचं, राखणदाराचं सगळं समजावत राहिलो. बराच वेळ. ती ऐकत होती.

"म्हणजे कॅमेरा चालूच होता?"

"चालूच होता."

"अन् तुम्ही येऊन उभे राहत होते?"

"राहत होतो. मंडईपर्यंत."

"मी पण मंडईपर्यंतच उघडला," ती म्हणाली. "नुसतं गोल गोल फिरायचं. नाही पण म्हणत नव्हतं ते. आईवर राग आहे तुमचा, ते माहीत होतं. मला वाटलं माझ्यावर पण आहे. मंडईला बोलवाल असं वाटलं होतं." मग तिने विचारलं, "पण बाबा, फोन तर चालू होता ना? फोन काहून नाही केला?"

पत्ता बदलला हे खरं, नियम चुकला हे खरं. पण माझ्या खिशातल्या फोनला कोणाचाच नकार नव्हता. सुनंदानेही केला नाही, असं मी दोन-तीन दिवस स्वतःला सांगून पाहिलं. मग ती पहिली घंटी आठवायची आणि ते सांगणंही बंद पडायचं.

नियम मी त्याच दिवशी बदलला. आता मनूच्या टॅबमध्ये तिची स्वतःची किल्ली आहे. नागपूर काय, ती दिल्लीहून आली तरी दार उघडतं. पण ते पोरीचं वय होतं, ते गेलं. ती आता नववीत आहे, पाच वाजता तिची शिकवणी असते. महिन्यातून एखाद्या रविवारी पडद्यावर एक येतो, मिनिटभर राहतो आणि जातो. बाकी शून्य. ते आता खरंखुरं शून्य आहे, त्यात यंत्राची चूक नाही, आणि हे माहीत असणं काही फार सुखाचं नाही. रविवारी मी फोन करतो. जेवलीस का, हो. अभ्यास, चालू आहे. तब्येत, बरी. झालं.

आज पंखा साफ करून पेटी परत रॅकमध्ये सरकवली, स्क्रू कसले. मागच्या दारातून बांध्या दिसत होत्या, अर्ध्या कापलेल्या. मंडई आठ दिवसांवर आली आहे. रविवार नव्हता, तरी फोन लावला. सुनंदाने मनूला दिला.

"मंडईला येशील का?"

"बघते बाबा. शिकवणी आहे."

इथे मी दर वेळी 'बरं, बघ' म्हणतो आणि ठेवतो. तेच ओठांवर आलं होतं. गिळलं.

"बघू नको मनू, ये," मी म्हणालो. "मले एकट्याले करमत नाही. घर खायले उठते. तुझी फार आठवण येते बेटा."

कट झाला वाटून मी फोन कानापासून काढून पाहिला. चालू होता.

"असं सांगत जा ना बाबा," मनू म्हणाली. "मला कसं समजणार?"